फाइल, चिठ्ठी आणि पाटी

मला ऑफिसात खुसपट म्हणतात. तोंडावर नाही, पण म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. दुसऱ्याच्या कामात खुसपट काढणं हीच माझी नोकरी आहे. प्रोग्रामर सॉफ्टवेअर लिहितात, मी ते चालवून बघतो आणि कुठे मोडतंय ते सांगतो. अठरा वर्षं हेच करतोय. या अठरा वर्षांत मी कुणाचं कौतुक केल्याचं कुणी ऐकलं असेल तर त्याने पुढे यावं, चहा माझ्याकडून. बायको तर म्हणते, यांच्या तोंडून ‘बरंय’ निघालं की समजायचं, स्वयंपाक फक्कड झालाय.

तर आज मी कौतुक करणार आहे. आणि तेही अशा बाईंचं, ज्यांना मी पहिले पाच महिने हसलो.

त्यांना सगळे फाइलबाई म्हणायचे. आमच्याकडे येण्याआधी त्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात पेशंटच्या फाइली सांभाळत होत्या. एक-दोन नाही, बावीस वर्षं. तळघराला खिडकी एकच, तीही छताला टेकलेली, त्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त बूट दिसायचे. छतापर्यंत लोखंडी कपाटं, एक शिडी, एक टेबल. कपाटातून फाइल बाहेर गेली की तिच्या जागी बाई एक लाकडी फळी उभी करायच्या आणि फाइल कुठे गेली ते तिच्यावर खडूने लिहायच्या. हॉस्पिटलने सगळं कॉम्प्युटरवर आणायचं काम आमच्या कंपनीला दिलं, तेव्हा आमचे साहेब माहिती घ्यायला खाली उतरले. तासाभरात वर येतो म्हणून गेलेला माणूस दुपारी जेवायच्या वेळेला वर आला. बाईंनी त्यांना अख्खं हॉस्पिटल उलगडून दाखवलं होतं. निघताना साहेबांनी सहज विचारलं, कॉम्प्युटर येतो का. बाई म्हणाल्या, येतो की, थोडाफार कोडही लिहिते.

झालं होतं असं, की त्यांची लेक कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. पोरगी घरी आली की पुस्तकावर डुलक्या काढायची, म्हणून तिला जागं ठेवायला बाई शेजारी खुर्ची ओढून बसायच्या. वर्षभरात लेकीने तो नाद सोडला. ती आता तलावावर मुलांना पोहायला शिकवते. आई मात्र अडकली ती अडकलीच. ‘लेक पाण्यात पडली आणि मी यात,’ असं त्या स्वतःच सांगायच्या आणि आधी स्वतःच हसायच्या.

साहेबांनी त्यांना सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम जमलं तर कायम, नाहीतर नमस्कार. ऐकायला सोपं वाटतं, पण बाईंना परतीची वाटच नव्हती. आमचं सॉफ्टवेअर सुरू झालं की तळघर बंद होणार होतं. म्हणजे स्वतःची जुनी नोकरी संपवणाऱ्या कामावरच त्या आल्या होत्या. नवरा वेल्डर, डोळे अधू झाल्यापासून घरी. घर बाईंच्या एकटीच्या पगारावर. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि तरीही आम्ही हसायचो, हे आधीच कबूल करतो.

हसायचो कशाला, ते सांगायला थोडं आमच्या कामात शिरावं लागेल. घाबरू नका, माझ्या आईला समजलंय म्हणजे कुणालाही समजेल. आमचं सॉफ्टवेअर तीन मजली असतं. तळमजल्यावर साठा, तिथे माहिती कायमची राहते. मधल्या मजल्यावर नियम, कुणाला काय बदलता येईल ते ठरवणारे. वरच्या मजल्यावर स्क्रीन, काउंटरवरच्या मुलीला, सिस्टरना, डॉक्टरांना दिसते ती. माहिती या मजल्यांवरून सतत वरखाली करते, आणि तिची ने-आण करायला प्रोग्रामर पुडकी बांधतो. प्रत्येक पुडक्याला नाव द्यावं लागतं. आमच्याकडे सगळ्या पुडक्यांचं नाव एकच, पेशंट. कधी त्यात साठ गोष्टी असायच्या, कधी नाव, वय, फोन एवढंच. तरी पेशंट. घाई झाली की पेशंट दोन. एक तर नुसताच पी होता, तो कुणी लिहिला ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.

हे सगळं लिहिणारा आमचा मुख्य प्रोग्रामर. त्याला आम्ही सुपरफास्ट म्हणतो. पोरगा हुशार, मनाचाही चांगला, पण मधल्या स्टेशनांवर थांबायचं नाही हा त्याचा बाणा. बाई आल्यापासून तिसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, यातला कपाटात राहणारा कुठला? तो म्हणाला, काकू, सगळे पेशंटच आहेत.

“पेशंट खाटेवर असतो रे बाळा,” बाई म्हणाल्या. “हे कागद आहेत. यातला कुठला कागद कुठला?”

खोलीभर हशा पिकला. मीही त्यात होतो, आणि माझं हसू जरा मोठंच असतं.

बाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. जेवायच्या सुट्टीत त्यांनी मला आणि सुपरफास्टला डब्याशेजारी तीन कागद मांडून दाखवले. तळघरात तीनच प्रकारचे कागद असतात म्हणाल्या. एक फाइल. पेशंटचं सगळं तीत असतं आणि तिची जागा कपाटात. दुसरी चिठ्ठी. वॉर्डातून खाली येते, खालून वर जाते, आणि तिच्यावर कामापुरतंच लिहिलेलं असतं. फोन बदलला, एवढंच. तिसरी पाटी, खाटेच्या पायथ्याशी लटकवलेली. येणाराजाणारा वाचतो, म्हणून तिच्यावर नाव आणि खाटेचा नंबर, आजार कधीच नाही. आणि मग त्यांनी त्यांचा तो नियम सांगितला, जो मी तेव्हा एका कानाने ऐकला आणि दुसऱ्याने सोडून दिला.

“चिठ्ठी कधी कपाटात जात नाही. चिठ्ठी बघून फाइल उघडायची, तेवढीच एक ओळ दुरुस्त करायची, आणि चिठ्ठी फाडून टाकायची.”

त्यांचं म्हणणं, कोडमध्येही पुडक्यांना अशी तीन वेगळी नावं द्या, म्हणजे कुठलं भरलेलं आणि कुठलं अर्धं हे नाव वाचूनच कळेल. सुपरफास्टने मान डोलावली आणि सांगितलं, काकू, नावाने काय फरक पडतो, कोड पळतोय ना. साहेब म्हणाले, कल्पना छान आहे, सुरू झाल्यावर बघू. ‘सुरू झाल्यावर बघू’ हे आमच्या धंद्यात ‘कधीच नाही’चं सभ्य रूप आहे. बाईंनाही ते कळलं असावं. पण त्या गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. स्वतःकडे आलेल्या दोन बारक्या कामांत त्यांनी फाइल आणि चिठ्ठी अशी नावं घातली. सुपरफास्टने ती पुन्हा पेशंट करून टाकली. त्यांनी पुन्हा घातली. मी आपला मजा बघत होतो.

सहावा महिना अर्धा सरला. दोन आठवड्यांनी, शुक्रवारी सॉफ्टवेअर सुरू व्हायचं होतं, आणि योगायोग म्हणा, बाईंचे सहा महिनेही त्याच शुक्रवारी संपत होते. हॉस्पिटलच्या काउंटरवर चाचणी चालू झाली होती. मी माझ्या यादीत तीनशे चाळीस ठिकाणी टिक मारून खाली सही ठोकली, सगळं ठीक. ती सही करताना मला फार भारी वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

त्याच्या पुढच्या आठवड्यात तळघरातल्या फाइली बांधून गोदामात पाठवत होते. बाई सुट्टी टाकून तिथे गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. गठ्ठे बांधून होण्याआधी त्यांनी तीस फाइली बाजूला काढल्या, वरच्या काउंटरवर जाऊन बसल्या आणि एकेक फाइल स्क्रीनशी ताडून बघितली. कुणाला एखादं औषध सोसत नसेल तर बाई त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर ते लिहून खाली लाल रेघ मारायच्या. बावीस वर्षांची सवय. तीसपैकी चार फाइलींवर लाल रेघ होती आणि स्क्रीनवर त्या जागी काहीच नव्हतं. त्या चारही पेशंटचा फोन नंबर चाचणीत काउंटरवर बदलला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई साहेबांकडे गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, भाऊ, यादीवर सही तुमची आहे, वर परस्पर कळलं तर तुम्हालाच खाली बघावं लागेल, म्हणून आधी तुमच्याकडे आले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, फोन बदलण्याची चाचणी मी स्वतः केली आहे, नंबर बदलतो, हातच्या कांकणाला आरसा कशाला, तुमच्यासमोर करून दाखवतो. चाचणीच्या कॉम्प्युटरवर मी स्वतःचीच नोंद उघडली. त्या हॉस्पिटलात मी लहानपणापासून जातो. नंबर बदलला, जतन केलं, नवा नंबर दिसला. मी विजयी मुद्रेने वळून बघितलं.

“आता औषधांचं पान उघडा,” बाई म्हणाल्या.

मला पेनिसिलिन चालत नाही. सात वर्षांचा असताना एका इंजेक्शनने माझा गळा सुजला आणि आईने मला दोन दिवस मांडीवरून खाली ठेवलं नाही. ते त्या पानावर लिहिलेलं होतं. मी नंबर बदलण्याआधी होतं, आता नव्हतं. पान कोरं होतं. बाईंनी पिशवीतून एक फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडून धरली. माझीच फाइल, गठ्ठ्यातून वेगळी काढून आणलेली. पहिल्या पानावर, त्यांच्या अक्षरात, पेनिसिलिन चालत नाही, आणि खाली लाल रेघ.

काय घडलं होतं ते मला तिथल्या तिथे समजलं, कारण ते मला पाच महिन्यांपूर्वी डब्याशेजारी समजावून झालं होतं. काउंटरच्या स्क्रीनवरून खाली गेलेल्या पुडक्यात नाव, वय आणि फोन एवढंच होतं. म्हणजे ती चिठ्ठी होती. पण तिचं नाव पेशंट, म्हणून तळमजल्याने तिला फाइल समजून घेतलं आणि जुनी फाइल काढून तिच्या जागी तीच ठेवली. जे चिठ्ठीवर नव्हतं ते फाइलवरूनही गेलं. आणि मी काय तपासलं होतं? नंबर बदलतो का. बदलतो. टिक. बाकी काय बदललं हे बघायचं मला सुचलंच नाही. शितावरून भाताची परीक्षा करणारा मी, आणि शीतही नेमकं शिजलेलंच उचललं. अठरा वर्षांत एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुपारी साहेबांच्या खोलीत बैठक बसली. सुपरफास्टने पाच मिनिटांत कारण शोधलं आणि उपायही सांगितला, त्या स्क्रीनच्या पुडक्यात न चालणारी औषधंही भरून पाठवू, एका ओळीचं काम. साहेबांचा जीव भांड्यात पडला. बाई म्हणाल्या, आज औषधं भराल, उद्या रक्तगट राहील, परवा आणखी काही. चिठ्ठी कपाटात जाते आहे तोवर काही ना काही पुसलं जाणारच. सगळ्या पुडक्यांची छाननी करून नावं वेगळी करायला हवीत, आणि तळमजल्याच्या दाराशी चिठ्ठी अडली पाहिजे. किती दिवस, साहेबांनी विचारलं. महिना, बाई म्हणाल्या. साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांचंही चुकत नव्हतं, हॉस्पिटलला शब्द त्यांनी दिला होता. पण पुढचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

“बाई, तुमचे सहा महिने येत्या शुक्रवारी संपतायत, हे लक्षात आहे ना?”

“आहे साहेब. बावीस वर्षांत माझ्या हातून एक फाइल हरवली नाही. शेवटच्या आठवड्यात मला हरवायची नाही.”

आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. त्यांचं घर त्या वाक्यावर टांगलेलं होतं आणि त्या ते वाक्य मागे घेत नव्हत्या. मी टेबलावरची माझी यादी ओढून घेतली, स्वतःची सही खोडली आणि साहेबांना म्हटलं, माझ्या सहीशिवाय हे बाहेर जायचं नाही असा तुमचाच नियम आहे. साहेब मला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण नियम त्यांचाच होता.

मग बाईंनी काय केलं, ते बघण्यासारखं होतं. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर तीन रकाने आखले आणि कोडमध्ये जिथे जिथे पेशंट लिहिलंय ती एकेक जागा वाचायला घेतली. दोनशे अकरा जागा. प्रत्येक जागी एकच प्रश्न, ही फाइल, चिठ्ठी की पाटी? पहिले दोन दिवस सुपरफास्ट तोंड फुगवून उत्तरं देत होता. तिसऱ्या दिवशी अशी एक जागा आली की त्याला उत्तर येईना. मग दुसरी. अशा एकोणीस जागा निघाल्या, जिथे पुडक्यात नक्की काय आहे हे ते बांधणाऱ्यालाच सांगता येत नव्हतं. पोरगा खुर्ची उचलून बाईंच्या शेजारी येऊन बसला तो तिथेच राहिला. बसायच्या हॉलमधल्या मोठ्या स्क्रीनवर नाव आणि नंबर दाखवायला पेशंटची अख्खी फाइल वर नेली जात होती, आजारासकट, हे त्यानेच शोधून काढलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. तिथे त्याने स्वतःच्या हाताने पाटी लिहिली. तळमजल्याच्या दारावरचा पहाराही त्यानेच बसवला. आता कुणी चिठ्ठी सरळ साठ्यात टाकायला गेला तर प्रोग्राम तयारच होत नाही, तिथेच अडतो आणि सांगतो, आधी फाइल उघडा.

महिना म्हणाल्या होत्या, सव्वीस दिवसांत झालं. बाईंना त्या शुक्रवारी कायम केल्याचं पत्र मिळालं नाही. साहेबांनी मुदत तीन महिने वाढवली, जरा तुटकपणेच. तीन महिने बाई रोज डबा घेऊन आल्या, रोज काम केलं, आणि पत्र आलं त्या दिवशी ते घडी करून पर्समध्ये ठेवून पुन्हा कामाला लागल्या. सुपरफास्टने पेढ्याबिढ्याचा विषय काढला, तर त्याला म्हणाल्या, आधी तो पी कुणाचा ते शोध. आज आमच्याकडे नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी साहेब त्याला स्वतः फळ्यासमोर उभं करून तीन रकाने समजावतात, जणू काही स्वतःच्याच डोक्यातून निघालेत. बाई मागे बसून ऐकतात आणि एका शब्दाने दुरुस्ती करत नाहीत. मी करतो. जित्याची खोड.

मागच्या महिन्यात बल्ब बदलताना मी स्टुलावरून पडलो. बल्ब हातातच फुटला, मनगट चांगलंच कापलं. बायकोने टॉवेल गुंडाळून मला त्याच हॉस्पिटलात नेलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, फोन नंबर हाच का. मी आठवड्यापूर्वीच नंबर बदलला होता. नवा सांगितला, तिने टाईप केला, जतन केलं. मला तेव्हा काही सुचलं नाही, हात ठणकत होता. टाके पडले, आणि सिस्टर ट्रेमध्ये इंजेक्शन घेऊन आल्या. खाटेशेजारच्या स्क्रीनवर त्यांनी एक नजर टाकली, थांबल्या, आणि ट्रे तसाच उचलून परत निघाल्या.

“पेनिसिलिन चालत नाही ना तुम्हाला? दुसरं आणते.”

तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं. फाइलवर आहे की, त्या म्हणाल्या, आणि गेल्याही.

मी रडलो. हात दुखत होता म्हणून नव्हे. बायको घाबरली, तिला म्हटलं जरा माझा फोन दे, आणि उरलेल्या हाताने बाईंना लावला. नवा नंबर, त्यांनी ओळखला नाही. कोण बोलतंय म्हणाल्या. मी म्हटलं खुसपट बोलतोय, हॉस्पिटलातून. काय झालं ते सांगितलं. काउंटरवर नंबर बदलला, आणि बाई, तुमची लाल रेघ जागच्या जागी आहे. तुमच्यासारखं काम मी अठरा वर्षांत पाहिलं नाही, असंही म्हटलं. म्हणजे म्हणायचं ठरवलं होतं, त्यातलं निम्मंच म्हणून झालं.

पलीकडून नाक ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

“आणि नंबर?” बाईंनी विचारलं. “नवा नंबर नीट चढला का ते बघितलंत?”

मी सिस्टरना हाक मारून स्क्रीन माझ्याकडे वळवायला लावली. चढला होता.